आयडलिंगला लाल दिवा लागला तर : आऊटबोर्ड इंजिनचा इशारा कसा ओळखावा?

कोकण किनाऱ्यावर मिरकरवाड्यापासून साखरीनाट्यापर्यंत आपल्या अनेक बांधवांची रोजी समुद्रावर अवलंबून आहे. कोणी होडीचा मालक आहे, कोणी खलाशी, तर कोणी बंदरावर इंजिन दुरुस्त करणारा कारीगर. होडीच्या मागे लावायच्या आऊटबोर्ड इंजिनांत पूर्वी टू-स्ट्रोकचा भरणा असे. फोर-स्ट्रोक इंजिने आली आणि त्यांच्याबरोबर एक नवी तक्रारही आली. "होडी वेगात असते तेव्हा सारे ठीक असते, पण इंजिन आयडलिंगला आणले की लाल दिवा लागतो." अशा वेळी कोणी घाबरून मोठा खर्च करून बसतो, तर कोणी दिव्याची वायरच कापून टाकतो. दोन्ही मार्ग नुकसानीचे आहेत. म्हणून या इशाऱ्याचा अर्थ क्रमाने समजून घेऊ.

दिवा काय सांगतो?

फोर-स्ट्रोक इंजिनात ऑईल चेंबरमध्ये असते. पंप ते उचलून क्रँक व कॅमच्या बेअरिंगपर्यंत दाबाने पोहोचवतो. हा पंप इंजिनच्याच फेऱ्यांवर चालतो. फेऱ्या जास्त तर दाब जास्त, फेऱ्या कमी तर दाब कमी. शिवाय तापलेले ऑईल पातळ होते. म्हणजे गरम इंजिन आयडलिंगला असते तेव्हा दाब सर्वांत कमी असतो, आणि दोष असेल तर तो प्रथम तेथेच उघडा पडतो. वेग वाढवल्यावर दिवा विझला म्हणून दोष गेला, असे समजू नये.

दिव्याचा रंगही पाहावा. बऱ्याच इंजिनांत दाब घटला की लाल दिवा लागतो. होंडाच्या अनेक इंजिनांत मात्र ऑईलचा दिवा हिरवा असतो; दाब ठीक असेपर्यंत तो जळतो आणि घटला की विझतो. काही इंजिनांत ऑईल बदलण्याची मुदत भरली म्हणूनही दिवा उघडझाप करतो. इंजिन तापल्याचा दिवा वेगळा. त्यासाठी इंजिनमागून पडणारी पाण्याची धार पाहावी. टू-स्ट्रोकमध्ये ऑईलची वेगळी टाकी असेल तर दिव्याचा अर्थ बहुधा टाकीतील ऑईल संपत आले, एवढाच असतो. म्हणून इंजिनसोबत मिळालेली पुस्तिका फेकू नये.

पहिली तपासणी : पट्टी

या तपासणीला पैसा लागत नाही. इंजिन बंद करून सरळ उभे ठेवा. काही मिनिटांनी डीपस्टिक काढून पुसा, पुन्हा घाला आणि मग पाहा. इंजिन तिरके किंवा वर उचललेले असेल तर पट्टी खोटे बोलते. पट्टीवर चार गोष्टी दिसू शकतात.

ऑईल कमी असेल तर योग्य दर्जाचे ऑईल खुणेपर्यंत भरा आणि गळती शोधा. ऑईल दुधाळ असेल तर आत पाणी शिरले आहे. ते इंजिन चालवू नका. खारे पाणी बेअरिंगला गंज चढवते, म्हणून दुरुस्ती उद्यावर ढकलू नका. ऑईल काळे व जुने असेल तर ऑईल व फिल्टर दोन्ही बदला.

चौथी गोष्ट लोकांच्या ध्यानात येत नाही. ऑईल वरच्या खुणेच्याही वर गेलेले असते आणि त्याला पेट्रोलचा वास येतो. आपण न भरता ऑईल वाढले, याचा अर्थ त्यात पेट्रोल मिसळत आहे. असे ऑईल पातळ होते आणि आयडलिंगला दाब टिकत नाही. इंजिन तासन्तास थंड व संथ चालले की न जळलेले पेट्रोल रिंगांवरून चेंबरमध्ये उतरते. फ्युएल पंपाचा पडदा फाटला तरी काही इंजिनांत हेच घडते.

एका बंदरावर आम्ही हा प्रकार स्वतः पाहिला. एका होडीवाल्या भावाला कारीगराने सांगितले होते की, ऑईल पंप गेला, नवा मागवा. त्या भावाने उसनवारीची तयारीही केली होती. आम्ही पट्टी काढली तर ऑईल खुणेच्या बरेच वर आणि पेट्रोलचा उग्र वास. चौकशी केल्यावर कळले की, इंजिन थंड राहावे म्हणून आधीच्या कोणी थर्मोस्टॅटच काढून टाकला होता. थर्मोस्टॅट बसवला, ऑईल व फिल्टर बदलले आणि दिवा विझला. पंपाला काहीच झाले नव्हते. नवा पंप बसवला असता तर पैसा गेला असता आणि नव्या ऑईलमुळे चार दिवस दिवा विझून पुन्हा लागला असता.

ऑईलचा दर्जा

डब्यावरील खूण वाचून ऑईल घ्यावे. फोर-स्ट्रोक आऊटबोर्डसाठी एफसी-डब्ल्यू, तर टू-स्ट्रोकसाठी टीसी-डब्ल्यू ३ ही खूण असते. टू-स्ट्रोकचे ऑईल फोर-स्ट्रोकच्या चेंबरमध्ये घालणे ही मोठी चूक आहे. १० डब्ल्यू ३० की १० डब्ल्यू ४०, हे पुस्तिकेतील हवामानाच्या तक्त्यावरून ठरवावे. दिवा विझवण्यासाठी मनाने जाड ऑईल घालू नये.

आयडलिंग, स्विच आणि वायर

ऑईल ठीक असेल तर फेऱ्या मोजा. बऱ्याच फोर-स्ट्रोक इंजिनांची आयडलिंग मिनिटाला ८०० ते १००० फेऱ्यांच्या आसपास असते. कार्बोरेटरमध्ये कचरा असेल तर ती खाली येते आणि दाबही घटतो. आयडलिंग पुस्तिकेप्रमाणेच ठेवा. त्याहून चढवून दिवा विझवला तर गिअर टाकताना धक्का बसून त्याचे दाते झिजतात.

मग स्विच. लाल दिव्याच्या अनेक इंजिनांत दाब नसला की स्विच वायरला इंजिनच्या धातूशी जोडतो व दिवा लागतो. वायर सोलून धातूला टेकली तरी तसाच दिवा लागतो. खाऱ्या हवेत हे नेहमीचे आहे. जोड स्वच्छ करा, वायर शेवटपर्यंत तपासा.

निकाल गेजचा

यानंतरही दिवा लागत असेल तर स्विच काढून त्या जागी दाब मोजायचा गेज लावावा आणि इंजिन गरम करून आयडलिंगला व वाढत्या फेऱ्यांवर दाब पाहावा. इंजिन जेटीला किंवा पाण्याच्या पिंपातच चालवा. कोरडे चालवल्यास इंपेलर थोड्याच वेळात जळतो. गेजवर दाब पुस्तिकेइतका असेल तर दोष स्विच किंवा वायरचा आहे. दाब खरोखर कमी असेल तरच चेंबरची जाळी, दाब सोडणारा व्हॉल्व्ह, पंप आणि शेवटी बेअरिंगची झीज, असा क्रम घ्यावा. गेज न लावता पंप बदलायला सांगणे म्हणजे नाडी न पाहता औषध देणे होय.

समुद्रात दिवा लागला तर

खडक किंवा खाडीच्या मुखावरील लाटा जवळ असतील तर आधी सुरक्षित पाण्यात या, नांगर टाका, मग इंजिन बंद करून पट्टी पाहा. ऑईल कमी असेल तर भरा. पातळी ठीक असूनही दिवा विझत नसेल तर दुसऱ्या होडीची मदत घेणे बरे. कित्येक इंजिने अशा वेळी स्वतःच वेग रोखतात, म्हणून भरतीच्या ओढीविरुद्ध त्यांच्यावर भरवसा ठेवू नये. होडीत वल्ही, नांगर व एक डबा ऑईल नेहमी असावे. पावसाळी बंदीत इंजिन ठेवतानाही जुने ऑईल आत ठेवू नका, बदलूनच ठेवा.

कारीगर बांधवांना दोन शब्द

गिऱ्हाईक इंजिन आपल्या हाती सोपवतो, ती अमानत आहे. त्या इंजिनावर त्याचे घर चालते आणि खलाशांचे जीवही. दिव्याची वायर कापणारा कारीगर साक्षीदाराचे तोंड बंद करतो. पुढे भर समुद्रात इंजिन जाम झाले तर त्या नुकसानीत त्याचाही वाटा आहे. तपासणीची मजुरी उघडपणे सांगून घ्यावी, ती हक्काची कमाई आहे. पण न बिघडलेला भाग बदलून घेतलेल्या पैशात बरकत नाही. काढलेला जुना भाग गिऱ्हाइकाच्या हाती द्यावा. खऱ्या कारीगराचे नाव एका बंदरावरून दुसऱ्या बंदरावर आपोआप जाते.

अल्लाह आपल्या सर्वांच्या हातांना हुनर आणि रोजीत बरकत देवो. आमीन.