गुलखैरा आणि कपाशीवाल्याचें अंगण

थंडीच्या फुलझाडांत उंचीनें व डौलानें गुलखैऱ्याची बरोबरी करणारीं झाडें थोडीं. बागवान लोक यासच हॉलीहॉक म्हणतात. पुरुषभर उंचीचा सरळ दांडा व त्यावर खालून वर उमलत जाणारीं पांढरीं, गुलाबी, लाल, पिवळीं, क्वचित् काळसर फुलें. एकेरीहि व दुहेरीहि. शेतकऱ्यानें मात्र हें झाड लावण्यापूर्वीं त्याचें कूळ पाहावें. भेंडी, अंबाडी, जास्वंद व कपाशी यांच्याच कुळांतलें तें आहे. एकेरी फुलाच्या मधली केसरांची नळी पाहिली म्हणजे जास्वंदीशीं असलेलें नातें तेव्हांच पटतें. या नात्यामुळें त्याची जोपासना आपणांस कठीण वाटत नाहीं. धोका आहे तोहि या नात्यामुळेंच.

थंड देशांत हें झाड बहुधा पहिल्या वर्षीं नुसतीं पानें धरतें व दुसऱ्या वर्षीं फुलतें. आपल्याकडील वैशाखाचें ऊन व त्यामागून येणारा पाऊस त्यास सोसत नाहीं. सबब देशावर व वऱ्हाडांत तें एका हिंवाळ्याचेंच झाड समजावें. पावसाचा जोर ओसरल्यावर, सप्टेंबर अखेरपासून ऑक्टोबरपर्यंत, बीं टाकावें. याचें मूळ सरळ खोल जातें, तें दुखावलें कीं झाड खुरटतें. म्हणून शक्य तर जागच्या जागींच दोन दोन बिया अर्धा इंच खोल टोंचाव्यात. रोप लावणेंच झालें तर तीन-चार पानांचें, मातीच्या गोळ्यासह व संध्याकाळीं लावावें. काळ्या जमिनींत पाणी तुंबतें व मूळ कुजतें. अशा जागीं वाफा वीतभर उंच करून त्यांत वाळू व मुरलेलें शेणखत मिसळावें. दोन झाडांत दीड ते दोन फूट अंतर हवें. जागा भरपूर उन्हाची, परंतु वाऱ्याच्या झोताबाहेरची असावी.

दांडा हातभर झाला कीं काठीचा आधार द्यावा. काठी बांबूची किंवा निर्गुडीची चालेल. पऱ्हाटीची मात्र घेऊं नये. पऱ्हाटीवर राहिलेल्या किडक्या बोंडांतून शेंदरी बोंडअळी झोंपून असते, व ती आपण होऊन दारांत आणून रोंवण्यांत शहाणपणा नाहीं.

या झाडाचा मुख्य रोग तांबेरा. पानाच्या खालच्या अंगास नारिंगी-तपकिरी पुटकुळ्या येतात व पानें करपतात. हा रोग मूळचा दक्षिण अमेरिकेंतील चिली देशाकडचा; तो १८७३ सालीं इंग्लंडांत पोहोंचला व तेथील बागवानांचें त्यानें फार नुकसान केलें. गव्हाचा तांबेरा तो हा नव्हे. गव्हास याची बाधा नाहीं. खालचीं डागाळलेलीं पानें दिसतांक्षणीं तोडून जाळावींत, पाणी बुडाशीं द्यावें, पानांवर शिंपडूं नये. सुरुवातीसच गंधकाची भुकटी धुरळल्यास उपयोग होतो. भर उन्हांत धुरळल्यास पानें मात्र भाजतात.

आतां धोक्याविषयीं. भेंडीचा व कपाशीचा शेंडा पोखरणारी ठिपक्यांची बोंडअळी गुलखैऱ्यावरहि पोसते. भेंडीचीं पानें ज्या रोगानें पिवळ्या शिरांचीं होतात, तो पांढरी माशी पसरविते व गुलखैऱ्यासहि तो जडतो. म्हणून भेंडीच्या वाफ्याशेजारीं हें झाड नको. शिवाय कपाशी निघाल्यावर रान मोकळें ठेवावें, फरदड घेऊं नये, म्हणजे किडीस खाणें न मिळून तिची सांखळी तुटेल, असें कृषिखातें वारंवार सांगतें. २०१७ सालीं शेंदरी बोंडअळीनें महाराष्ट्रांत कपाशीचें काय झालें हें ज्यांनीं सोसलें त्यांस हें अधिक सांगणें नको. ती अळी निराळी खरी. परंतु किडीस मध्यंतरीं आसरा न देण्याचें तत्त्व एकच. शेतांतली फरदड काढावयाची व अंगणांत याच कुळांतलें हिरवें झाड चैत्र-वैशाखभर पाणी घालून जगवावयाचें, ही अंगणांतली फरदडच होय. सात-बाराच्या उताऱ्यांत गुलखैऱ्याची नोंद होत नाहीं, आम्हीं तरी कधीं केली नाहीं. पण अळीस उतारा पाहावा लागत नाहीं.

ऑक्टोबरांत लावलेलें झाड बहुधा फेब्रुवारी-मार्चांत फुलतें व गुढीपाडव्याच्या सुमारास खालचीं फळें वाळूं लागतात. तेवढीं हातीं आलीं कीं शेंड्याच्या फुलांचा लोभ न धरतां झाड मुळासकट उपटून जाळावें. मधल्या काळांत शेंडा सुकलेला दिसेल तर तो चिरून पाहावा. आंत अळी असल्यास खालच्या निरोगी भागापर्यंत छाटून नष्ट करावा.

बीं धरण्यास निरोगी झाडाचीं, तपकिरी व कोरडीं झालेलीं फळें घ्यावींत. फळ चपट्या चकतीसारखें असून त्यांत बिया कडेनें गोल मांडलेल्या असतात. त्या सुट्या करून सावलींत वाळवाव्यात व कोरड्या राखेंत मिसळून बाटलींत ठेवाव्यात. मधमाशा एका झाडाचा पराग दुसऱ्यावर नेतात, त्यामुळें मनाजोगता रंग दुसऱ्या वर्षीं उतरेलच असें नाहीं. एकच रंग हवा असेल त्यानें पहिल्या फुलावर पारख करून बाकीचीं झाडें लगेच काढून टाकावींत.