बंद दार उघडले

आपण आपले घर कितीही स्वच्छ ठेवले, तरी शेजारी रोगाची साथ आली तर आपण सुरक्षित राहतो का? नाही. आरोग्य ही एकट्याची गोष्ट नाही. हा धडा आपला देश पोलिओशी लढताना शिकला.

पोलिओचा विषाणू दूषित पाण्यातून व अन्नातून शरीरात जातो. लहान मुलांना त्याचा धोका अधिक असतो. काही मुलांचे पाय कायमचे लुळे पडतात. लुळेपण बरे करणारे औषध नाही. पण लस दिल्यास रोग टाळता येतो. वरून धडधाकट दिसणारे मूलही हा रोग पसरवू शकते. म्हणून एकही मूल लशीवाचून राहता कामा नये.

१९९५ साली देशभर पल्स पोलिओ मोहीम सुरू झाली. रोग कमी होऊ लागला. पण २००२ साली मोठी साथ आली. देशात १,६०० मुलांना पोलिओ झाला. त्यांतील बहुतेक मुले उत्तर प्रदेशातील होती. तेथे काही वस्त्यांत अफवा पसरली होती, की या लशीमुळे पुढे मुले होत नाहीत. घाबरलेल्या आईबापांनी दारे लावून घेतली. काही जण विचारत, "गटार तुंबले तरी कोणी येत नाही, दवाखान्यात डॉक्टर नाही, मग ही लसच पुन्हा पुन्हा दारी का येते?" त्यांची तक्रार खोटी नव्हती. पण अफवेची शिक्षा निष्पाप मुले भोगत होती.

सरकारी हुकमाने ही दारे उघडली नसती. मोहल्ल्यातील स्त्रियांनीच प्रशिक्षण घेतले. त्या घरोघर गेल्या, लोकांच्या शंका ऐकल्या. लशीबरोबरच त्यांनी हात धुण्याचे आणि जुलाबावर क्षार-साखरेचे पाणी देण्याचे महत्त्व सांगितले. इमामांनी मशिदींतून आवाहन केले. अलीगढ मुस्लिम विद्यापीठ आणि जामिया मिल्लिया यांनीही साथ दिली. शाळकरी मुलांच्या 'बुलावा टोळ्या' गल्लीगल्लीतून लहान भावंडांना लस घ्यायला घेऊन येत.

२०१० साली अधिक परिणामकारक लसही मिळाली. २००९ साली देशात ७४१ रुग्ण होते. २०१० साली ४२ उरले. जानेवारी २०११ मध्ये पश्चिम बंगालमधील हावडा जिल्ह्यात शेवटचा रुग्ण आढळला. २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले.

लस शास्त्रज्ञांनी तयार केली, सरकारने पुरवली. पण ती मुलांच्या तोंडापर्यंत लोकांनी पोहोचवली. गटार तुंबले, नळाला गढूळ पाणी आले, तर आपण काय करतो? नुसते कुरकुरतो. त्याऐवजी मोहल्ल्याने एकत्र येऊन नगरपालिकेला अर्ज द्यावा, ग्रामसभेत प्रश्न विचारावा. अर्ज लिहिणे तर तुम्ही शाळेत शिकताच. मग पहिला अर्ज तुम्हीच का लिहू नये?

शब्दार्थ
साथ – एकाच वेळी अनेकांना होणारा रोग, मदत
अफवा – खोटी बातमी
निष्पाप – ज्याचा काही दोष नाही असा
आवाहन – लोकांना केलेली विनंती

स्वाध्याय
१. एकही मूल लशीवाचून का राहता कामा नये?
२. लोकांनी दारे का लावून घेतली? ती कशी उघडली?
३. 'साथ' हा शब्द दोन्ही अर्थांनी वाक्यांत वापरा.
४. तुमच्या मोहल्ल्यातील अस्वच्छतेबद्दल नगरपालिकेच्या आरोग्य अधिकाऱ्यांना अर्ज लिहा.