शिष्यवृत्ती : मदत आणि जबाबदारी



आपल्या इंदूरजवळच्या महू येथे १४ एप्रिल १८९१ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म झाला. घरची परिस्थिती बेताची होती. मुंबईत महाविद्यालयीन शिक्षण चालू असताना बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी त्यांना शिष्यवृत्ती दिली. १९१३ साली बडोदा संस्थानाच्याच शिष्यवृत्तीवर ते अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१५ मध्ये एम.ए. झाले आणि १९१६ मध्ये लंडनला पोहोचले.

शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ मध्ये लंडनचा अभ्यास अर्धवट सोडून परतावे लागले. करारानुसार ते बडोद्यात नोकरीवर रुजू झाले; परंतु जातीमुळे राहायला जागा मिळेना. शेवटी नोकरी सोडावी लागली. मग मुंबईत प्राध्यापकी करून त्यांनी पैसे साठवले, कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी हातभार लावला आणि १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. १९२३ मध्ये डी.एस्सी. मिळवली. पुढे १९४५ मध्ये त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन करून इतरांसाठी शिक्षणाची वाट मोकळी केली.

पालक व विश्वस्तांना आम्ही एवढेच सांगू इच्छितो : पैशाने प्रवेश मिळतो, पण शिकून आलेल्या मुलाला मानाने जागा देणे हे समाजाचे काम आहे. मदत मध्येच तुटू नये, हेही पाहावे लागते.

विचार करा :
१. १९१७ मध्ये बाबासाहेबांना कशाची उणीव भासली : पैशाची, की आणखी कशाची?
२. तुम्हाला शिष्यवृत्ती मिळाली, तर समाजाला काय परत द्याल?