काचेच्या तारेची विद्या



पावसाळ्याआधी आमच्या रस्त्याकडेला जेसीबीने चारी खणली. तेव्हा जमिनीतली इंटरनेटची केबल तुटली. ग्रामपंचायतीतला संगणक बंद पडला. माझ्या आजीला दाखला हवा होता. तिने तीन दिवस हेलपाटे घातले. चौथ्या दिवशी, रविवारी, केबल जोडायला माणसे आली. त्यांत माझा मावसभाऊ होता. त्याला मी दादा म्हणते. त्याच्याबरोबर जाऊन जे पाहिले ते लिहिते.

केबलमध्ये तांब्याची तार नसते. काचेचे धागे असतात. त्यांना ऑप्टिकल फायबर म्हणतात. वरचे रंगीत आवरण काढले की एक धागा १२५ मायक्रॉन जाड असतो. म्हणजे पट्टीवरच्या १ मिलिमीटरमध्ये ८ धागे बसतात! या धाग्यातून प्रकाश एका सेकंदात सुमारे २ लाख किलोमीटर जातो. आपला निरोप, फोटो, दाखला असे सगळे प्रकाशावर बसून जाते.

चारी बुजवली होती. मग तुटले कुठे ते कसे कळणार? दादाने ओटीडीआर नावाचे यंत्र लावले. विहिरीत ‘कू’ केले की आवाज परत येतो ना, तसा तुटल्या जागेवरून प्रकाश परत येतो. त्याला किती वेळ लागला यावरून यंत्र अंतर सांगते. यंत्र म्हणाले, ६२० मीटर. आम्ही मोजत गेलो, तर मोरीजवळ केबल तुटलेली!

दादाने धाग्यांची टोके साफ केली, सरळ कापली आणि स्प्लायसिंग मशीनमध्ये ठेवली. विजेच्या ठिणगीने काच वितळून टोके एक झाली. निळा धागा निळ्यालाच जोडायचा, नारिंगी नारिंगीला. काचेचे तुकडे त्याने डबीत टाकले, कारण ते बोटात रुततात. धाग्याच्या टोकात डोळा लावून कधी बघू नये. आतला प्रकाश दिसत नाही, पण डोळ्याला इजा करतो.

मी विचारले, “दादा, हे काम कसं मिळतं?” तो म्हणाला, “दहावीनंतर आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक दोन वर्षं केलं. पॉलिटेक्निकला तीन वर्षांचा डिप्लोमापण असतो. पहिलं वर्षभर मी नुसती केबल ओढली अन् वहीत नोंदी केल्या. मग मशीनला हात लावू दिला. आता राऊटर बसवायला शिकतोय. त्याला गणित अन् थोडं इंग्रजी लागतं.”

घरी मी सांगितले, मी हेच शिकणार. आजी म्हणाली, “तारांचं काम पोरींचं नव्हं.” दादा म्हणाला, “आजी, याला जोर लागत नाही, हात स्थिर लागतो. गोधडी शिवताना तुझ्या सुईत दोरा कोण ओवतं?” आजी म्हणाली, “हीच.”

सोमवारी आजीला दाखला मिळाला. येताना तिने मला विचारले, “दहावीला अजून किती वर्षं गं?”

मी म्हटले, “सहा.”

इयत्ता ४ थी