खळगा सांगतो घाईचा हिशेब

पुण्याच्या वेताळ टेकडीवर, कोथरूडच्या अंगाला, ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही 1966 साली स्थापन झालेली संस्था आहे. तेथे वाहनांच्या चाचण्या होतात. 2023 साली देशात सुरू झालेल्या ‘भारत एनकॅप’ या चाचणीत मोटार ताशी 64 किलोमीटर वेगाने अडथळ्यावर आदळवतात. पुढचा भाग डोळ्याचे पाते लवते न लवते तोच चुरगळतो. आता सांगा, त्यातल्या पोलादाची ताकद सावकाश ताणून मोजली असेल, तर तो आकडा येथे चालेल का?

नाही चालणार. पुष्कळसे पदार्थ घाईने दाबले की अधिक प्रतिकार करतात. किती अधिक, हे ‘विकृतीदर-संवेदनशीलता’ या आकड्यावरून कळते. नाव अवजड, पण मोजणी घरी करता येते.

वाळूने भरलेल्या डब्याच्या बुडाला मधोमध सायकलचा छर्रा चिकटवा. डबा मेणाच्या वडीवर छर्र्यावर उभा करा. कलंडू नये म्हणून बाजूंना पुस्तके रचा. 10 सेकंदांनी उचला. शेजारी दुसरा खळगा करा, पण 1000 सेकंद थांबून. भिंगातून दोन्हींचे व्यास मोजा. समजा, ते 2 आणि 2.5 मिलिमीटर आले. भार तोच, क्षेत्रफळ मात्र 1.56 पट, म्हणजे मेणाची कठिनता तितक्या पटीने कमी भरली. वेळ जाईल तसा खळगा वाढण्याचा वेग मंदावतो. वेळ शंभरपट, तर वेग साधारण शंभरावा हिस्सा. लॉगच्या कोष्टकातून 1.56 चा लॉग 0.19, शंभराचा 2. भागाकार सुमारे 0.1. हीच मेणाची संवेदनशीलता!

पोलादासाठी हा आकडा 0.01 धरू. क्षुल्लक वाटतो ना? पण सावकाश ताणण्याच्या मानाने टकरीत विकृतीचा वेग काही ठिकाणी दहा लाख पट असू शकतो. तेवढ्याने ताकद सुमारे 15 टक्के वाढते. ती हिशेबात धरली नाही, तर पत्रा कुठे दुमडेल याचा अंदाज चुकतो, आणि आत माणसे बसलेली असतात.

प्रयोगशाळेत छर्र्याऐवजी हिऱ्याचे तीन पैलूंचे टोक वापरतात. खोली कितीही असली तरी त्याच्या खळग्याचा आकार सारखाच राहतो. भार वाढवण्याचा वेग मध्येच बदलून कठिनता किती बदलली ते पाहतात. खळगा इतका सूक्ष्म, की वेल्डिंगच्या सांध्याचीही जागोजाग परीक्षा होते. तेवढ्याशा जागेतून ताणायला पट्टी कशी कापणार?

एक सूचना. दोन्ही खळगे एकाच सकाळी करा. पुण्यातल्या एप्रिलच्या दुपारी मेण इतके मऊ होते, की वेगाऐवजी तुम्ही ऊनच मोजाल!