बोल लावण्याआधी रक्त तपासा

माझी सगळी नोकरी पन्हाळ्याच्या पायथ्याच्या वाड्यावस्त्यांवर आरोग्यसेविका म्हणून झाली. लसीकरण, बाळंतपणं, गरोदर बायकांची तपासणी हे रोजचं काम. पण ओसरीवर बसून मी सर्वांत जास्त ऐकलं ते घरच्या माणसांच्या स्वभावाचं गाऱ्हाणं. सून आळशी, सासू चिडकी, पोरगं हट्टी. त्यातल्या कितीतरी गाऱ्हाण्यांचं मूळ गळ्यातल्या, पोटातल्या नाहीतर मेंदूखालच्या एखाद्या छोट्या ग्रंथीत निघालं. या ग्रंथी रक्तात सोडतात ती संप्रेरकं, म्हणजे हार्मोन्स. रक्तात ती अगदी कणभर असतात, पण भूक, झोप, पाळी, वाढ, ऊब सगळं त्यांच्या हुकमावर चालतं. या कामातून जे शिकले, ते इथे मांडते आहे.

१. आळशी म्हणण्याआधी थायरॉईड बघा

पावसाळ्यात गडावर धुकं उतरलं की थंडी सगळ्यांनाच वाजते. पण एका घरची सून चैत्रातही स्वेटर घालून बसायची. केस गळत होते, वजन वाढत होतं, पाळी जास्त जात होती. सासूबाई म्हणाल्या, "बाई, ही दिवसभर लोळतीया बघा." रक्त तपासलं तर टीएसएच फार वाढलेलं. टीएसएच हा मेंदूच्या तळाशी असलेल्या पियुषिका ग्रंथीचा निरोप आहे. गळ्यातली थायरॉईड ग्रंथी थकली, की पियुषिका तिला जास्त जोरानं हाका मारते. म्हणून काम कमी होतं तेव्हा हा आकडा वाढतो. गोळी सुरू झाली आणि काही महिन्यांत तीच सून भांगलणीला जाऊ लागली.

ही गोळी सकाळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची. चहा त्यानंतर अर्ध्या-पाऊण तासानं. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी चार तासांनी, नाहीतर थायरॉईडची गोळी अंगी लागत नाही. दिवस गेले म्हणून ती बंद तर मुळीच करायची नाही. पहिल्या काही महिन्यांत बाळाच्या मेंदूची वाढ आईच्याच थायरॉक्सिनवर होते, त्यामुळे बहुतेकींचा डोस उलट वाढवावा लागतो.

२. फार शांत बाळ डॉक्टरांना दाखवा

"लई गुणाचं बाळ, रडतच न्हाई," हे ऐकलं की मी थांबून बाळाकडे बघायची. सारखं झोपणं, दूध ओढायचा कंटाळा, लांबलेली कावीळ, फुगलेली बेंबी ही जन्मजात थायरॉईड कमी असल्याची खूण असू शकते. टाचेतल्या रक्ताच्या थेंबावर ते कळतं. पहिल्या दोन आठवड्यांत औषध सुरू झालं तर मूल इतरांसारखं वाढतं. उशीर झाला तर बुद्धीचं झालेलं नुकसान भरून येत नाही.

३. बाळंतिणीला धाक दाखवू नका

बाळ स्तनाला ओढू लागलं, की आईच्या मेंदूतून ऑक्सिटोसिन सुटतं आणि पान्हा फुटतो. कित्येक आयांना बाळाच्या नुसत्या रडण्यानंही तो फुटतो. भीती, दुखणं आणि बोलणी यांनी हेच ऑक्सिटोसिन अडतं. "हिला दूधच न्हाई," असं चारचौघींनी म्हटलं की ते खरंच कमी येतं. दूध तयार करणारं प्रोलॅक्टिन रात्री जास्त असतं, म्हणून रात्रीचं पाजणं टाळू नये.

हेच ऑक्सिटोसिन आईचा जीवही वाचवतं. बाळ जन्मल्यावर मिनिटाच्या आत मांडीत १० युनिट दिलं, की गर्भाशय आवळतं आणि रक्तस्राव आटोक्यात राहतो. पण ते २ ते ८ अंश तापमानात ठेवावं लागतं. आमच्याकडे आषाढात वारं सुटलं की वीज जाते, म्हणून बर्फाची शीतपेटी तयार असणं हे बाळंतपणाच्या तयारीतलं पहिलं काम.

४. बारीक माणसालाही शुगर होते

ऊसतोडीला जाणारा गडी म्हणायचा, "मी एवढा वाळका, मला कुठली शुगर?" पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुणे जिल्ह्यातल्या सहा गावांत गरोदर बायका आणि त्यांची मुलं अभ्यासली. आपली बाळं दिसायला लहान, पण त्यांच्या अंगात चरबीचा वाटा जास्त, असं त्यातून दिसलं. २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये याज्ञिकांनी स्वतःचा आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी शेजारी छापला. उंचीच्या मानानं वजन दोघांचं सारखंच, बीएमआय २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के! ही आतली चरबी इन्शुलिनचं काम अडवते. म्हणून वजनकाट्यावर विसंबू नका, पोटाचा घेर मोजा.

आणि गुळाबद्दल. कोल्हापूरचा गूळ आपला अभिमान आहे, पण सेंद्रिय असो वा साधा, रक्तात गेल्यावर त्याची साखरच होते.

५. मुलाचं इन्शुलिन कधीही थांबवू नका

लहान मुलांच्या मधुमेहात स्वादुपिंड इन्शुलिन बनवणंच सोडून देतं. अचानक वाळलेलं, सारखं पाणी पिणारं, पुन्हा अंथरूण ओलं करू लागलेलं मूल दिसलं तर त्याच दिवशी साखर तपासा. पोटदुखी, उलट्या आणि जोराचा श्वास सुरू झाला तर एक तासही दवडू नका. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्शुलिन दिलं गेलं. त्याआधी अशी मुलं वाचत नव्हती. झाडपाल्यासाठी किंवा नवसासाठी सुई बंद केली, तर आजही वाचणार नाहीत.

६. गड चढताना साखर खिशात ठेवा

१६६० च्या जुलैत शिवाजी महाराज सिद्दी जौहरचा वेढा भेदून पन्हाळ्याहून विशाळगडाकडे निघाले. त्या वाटेनं दर पावसाळ्यात शेकडो माणसं पावनखिंडीपर्यंत चालतात. त्यांत मधुमेहीही असतात. चालताना स्नायू साखर भराभर ओढून घेतात. सकाळी इन्शुलिन किंवा काही ठराविक गोळ्या घेतल्या असतील तर साखर ७० च्या खाली उतरू शकते. मग अॅड्रिनॅलिन धावून येतं आणि हातपाय कापतात, घाम फुटतो, छाती धडधडते. भर पावसात हा घाम ओळखू येत नाही, सोबत्यांना वाटतं दमला असेल. लगेच तीन चमचे साखर द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा बघा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नका, दवाखाना गाठा. आणि निघण्याआधी डॉक्टरांकडून त्या दिवसाचा डोस ठरवून घ्या.

७. 'ताकदीची गोळी' मनानं घेऊ नका, मनानं सोडूही नका

सांधे धरले, दमा उसळला, की कुणीतरी स्टेरॉइडची गोळी देतं आणि माणूस दोन दिवसांत उठून बसतो. पण बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिलं की मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथी आपलं कॉर्टिसॉल बनवणं थांबवतात. चेहरा गोल होतो, साखर वाढते, हाडं पोकळ होतात. महिनोन् महिने घेतलेली गोळी एकदम सोडली तर रक्तदाब कोसळून जीव जाऊ शकतो. ती डॉक्टरांनीच हळूहळू उतरवायची असते.

८. पाळी जाणाऱ्या बाईचं ऐकून घ्या

आपल्याकडे पाळी साधारण ४६-४७ व्या वर्षी जाते. इस्ट्रोजेन उतरतं आणि मेंदूतलं तापमान सांभाळणारं केंद्र बिघडतं. "अंगातनं नुसत्या वाफा निघत्यात," असं म्हणत पौषातही पदरानं वारा घेणारी बाई नाटक करत नसते. झोप मोडते म्हणून ती चिडते. तिला उन्हात चालणं, दूध, नाचणी आणि घरातल्यांचा धीर हवा. आणि पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा रक्त दिसलं, तर लाज न धरता लगेच तपासणी करून घ्यावी.

माझं मागणं एवढंच आहे. घरातलं माणूस अचानक बदललं, सुस्तावलं, वाळलं, चिडू लागलं, तर त्याला बोल लावण्याआधी दवाखान्यात न्या. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाचा रक्तदाब आणि साखर गावच्या उपकेंद्रात मोफत तपासतात. या आठवड्यात तुम्ही जा, आणि येताना घरातल्या एकाला तरी सोबत घ्या.