संकेतस्थळ-लेखन : शिकलेली विद्या ताजी कशी ठेवावी?

भिवंडी तालुक्यातील वज्रेश्वरी हे तानसा नदीच्या खोऱ्यातील प्रसिद्ध तीर्थक्षेत्र होय. चिमाजी अप्पांच्या १७३९ च्या वसई विजयाशी निगडित असलेले देवीचे मंदिर आणि परिसरातील उष्ण पाण्याची कुंडे यांमुळे येथे भाविकांची सतत ये-जा असते. येणारा प्रवासी आता माहिती मोबाईलवर शोधतो. अशा गावातील ग्रामपंचायतीचे वा शाळेचे संकेतस्थळ सांभाळणारा तरुण किंवा शिक्षक गावातच असला, तर लहानसहान दुरुस्तीसाठी शहराकडे धाव घ्यावी लागत नाही. मात्र ही विद्या एकदा शिकून कायमची पुरत नाही.

ज्ञान जुने का होते?

एचटीएमएलने पानाचा सांगाडा, सीएसएसने मांडणी आणि जावास्क्रिप्टने पानावरील क्रिया सिद्ध होतात. २०१५ पासून जावास्क्रिप्टची नवी आवृत्ती दरवर्षी प्रसिद्ध होते. सीएसएस ग्रिड ही मांडणीची सोय २०१७ मध्ये प्रमुख ब्राउझरांत आली. उलट, फ्लॅशचा आधार २०२० अखेर संपला. जुन्या पद्धतीचे पान मोबाईलवर नीट वाचता येत नाही. युनिकोडऐवजी चित्ररूपाने दिलेली मराठी सूचना अंध नागरिकाच्या वाचन-प्रणालीला उलगडत नाही. दिव्यांगांच्या हक्कांविषयीचा २०१६ चा कायदा लक्षात घेता हा प्रश्न केवळ सजावटीचा नसून नागरिकांच्या हक्काचा आहे.

साधनांची पारख

शिकण्याची साधने विपुल आहेत. अडचण निवडीची आहे. निवड करताना पुढील कसोट्या उपयोगी पडतात :

१) धडा केव्हा लिहिला वा सुधारला, याची तारीख दिलेली असावी.
२) केवळ तयार उत्तर न देता त्यामागील कारण सांगितलेले असावे.
३) स्वतः करून पाहण्यासाठी उदाहरणे असावीत.
४) सर्वांना वापरता येईल अशा पानाचा विचार त्यात असावा.

उपलब्ध साधने

मुंबईच्या आयआयटीत सुरू झालेल्या स्पोकन ट्युटोरियल उपक्रमाचे छोटे दृक्‌श्राव्य पाठ मराठीतही आहेत. नवशिक्याने आरंभ येथून करावा. मात्र पाठ कोणत्या आवृत्तीचा आहे, हे आधी पाहावे. मोझिलाने २००५ मध्ये सुरू केलेला एमडीएन हा इंग्रजी संदर्भसंग्रह विनामूल्य असून, कोणती सोय कोणत्या ब्राउझरमध्ये चालते याचे कोष्टक त्यात मिळते. फ्री कोड कॅम्प येथे क्रमवार सराव करता येतो. लिहिलेल्या पानातील चुका डब्ल्यूथ्रीसी या संस्थेच्या तपासणी-साधनाने विनाशुल्क शोधता येतात.

अभ्यासाची रीत

एकाच वेळी अनेक अभ्यासक्रम सुरू करण्यापेक्षा एक पाठमाला आणि एक संदर्भसंग्रह पुरेसा असतो. शिकलेली प्रत्येक गोष्ट गावाच्याच एखाद्या पानावर, त्याची प्रत काढून, करून पाहावी. ग्रामसभेची सूचना साध्या मोबाईलवर, मंद जोडणीवर उघडते काय? मजकूर मोठा केल्यास ओळी तुटतात काय? अशा प्रश्नांतून पुढचा धडा आपोआप ठरतो. शाळेचा संगणक-कक्ष सुटीच्या दिवशी काही तास उपलब्ध करून दिल्यास तरुणांना एकत्र अभ्यास करता येईल. ग्रामपंचायत व शाळा यांनी एवढे साह्य केले, तर गावाची माहिती गावाच्याच हातांनी अद्ययावत राहील.